पातेऱ्याखालची वस्ती

रोह्याहून कोलाडकडे निघालं की धाटावची औद्योगिक वसाहत लागते. रसायनांचे कारखाने, टँकरच्या रांगा, पाळी सुटल्यावर रस्त्यावर उतरणारी माणसं. या वर्दळीच्या एका कडेला, ओढ्याच्या अंगाने, लोकांच्या फिरण्या-बसण्यासाठी राखलेली एक बाग आहे. पायवाट, काही बाकं, मुलांचे झोपाळे. मागचा निम्मा भाग मात्र जुन्या झाडांचा आहे. करंज, उंबर, पांगारा, ऐन आणि मध्येच कुणीतरी हौसेने लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळी. फाल्गुन लागला की या भागात घोट्यापर्यंत पातेरा साचतो आणि मी तिथे जाऊन बसते.

सुतळीने मीटरभर लांबी-रुंदीची चौकट आखायची, शेजारी मांडी घालायची आणि वरून खाली एकेक थर उचलायचा. घाई केली तर काहीच दिसत नाही. वरचं पान कुरकुरीत, उन्हाने तापलेलं. त्यावर मुंग्या आणि चपळ कोळी. बोटभर खाली गेलं की पानं एकमेकांना चिकटलेली असतात, त्यांच्यात बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतात आणि काही पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या असतात. इथे वाणी वेटोळं करून पडलेला असतो, गोगलगायींचे शंख असतात, एखादी सापसुरळी झर्रकन निसटते. त्याखालची माती काळी, भुसभुशीत. मार्चच्या उन्हातही ती हाताला गार लागते.

इथल्या कुंडलिका नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण भिऱ्याच्या वीजघरातून मुळशी धरणाचं पाणी १९२७ पासून सह्याद्री उतरून तिच्यात येतं. बागेतल्या ओढ्याचं तसं नाही. होळीपर्यंत तो कोरडा पडतो. मग पहिल्या पावसापर्यंत लहान जिवांना जी काही ओल मिळते ती या पातेऱ्याखाली.

तीच चौकट ऑस्ट्रेलियन बाभळीखाली आखली की चित्र पालटतं. कोयत्यासारखी वाकडी, चिवट पानं. गेल्या वर्षीची अजून जशीच्या तशी. थर जाड, पण जिवांची वर्दळ नावाला आणि खालची जमीन टणक. पांगाऱ्याचं पान एका पावसाळ्यात मातीला मिळतं, हे रेंगाळत राहतं. वृक्षारोपणाच्या दिवशी किती रोपं लावली ते मोजतात. कुठल्या झाडाचं पान कोण खाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मला वाटतं, विचारायला हवं.

बागेची झाडलोट करणारे काका गावचेच, शेती असलेले. खराट्याने पाला गोळा करायचा आणि ढीग पेटवायचा, ही त्यांची सवय. त्या सवयीमागे पिढ्यांचं शहाणपण आहे. भाताचं रोप टाकण्याआधी इथला शेतकरी राब भाजतो, म्हणजे पालापाचोळा आणि कवळं रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळतो. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. शेतात ते बरोबर आहे, कारण तिथे एकच पीक हवं असतं. झाडांखाली तोच जाळ लागला की पुढच्या मोसमाचं सगळं बियाणं आणि सगळी अंडी जातात. काकांना मी हे सांगण्यापेक्षा चौकट दाखवली. ते उकिडवे बसले, काडीने पान उलटलं आणि एक चपटी, खवल्याखवल्यांची काळपट अळी उचलून म्हणाले, “हिला तर मी वाळवीच समजायचो, ताई.”

ती काजव्याची अळी होती. मृगाच्या आसपास चमकणारा काजवा बहुतेक सगळं आयुष्य असा अळीच्या रूपात जमिनीलगत काढतो आणि गोगलगायी खाऊन वाढतो. आपल्याला दिसतो तो त्याचा शेवटचा, थोड्या दिवसांचा टप्पा. मे महिन्यात काजवे पाहायला लोक गाड्या करून घाटात जातात. फेब्रुवारीत पेटवलेल्या ढिगात किती काजवे गेले, हे कुणाला कळतही नाही.

पहिल्या सरी पडल्या की याच थरातून शेवळं वर येतात. जांभळट कोंब, पाल्यातून सरळ उभे. आदिवासी बाया पहाटेच येऊन ते खुडतात आणि रोह्याच्या बाजारात जुड्या लावतात. सोबत काकडांची हिरवी फळं असतातच, कारण त्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, जिथं आग लागते तिथं शेवळ बारीक येतं. हे मी स्वतः तपासलेलं नाही. पण तिची नजर कित्येक पावसाळ्यांची आहे, म्हणून लिहून ठेवते.

जूनमध्येच येतो तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी. चिमणीपेक्षाही लहान, नारिंगी-जांभळा-निळा-पिवळा, पायाला तीनच बोटं. ओढ्याच्या मातीच्या उभ्या दरडीत चोचीने आडवं बीळ कोरून आत अंडी घालतो. हा खंड्या पिलांना मासे क्वचितच भरवतो. सापसुरळ्या, कोळी, रातकिडे, लहान खेकडे, म्हणजे पातेऱ्यात राहणारीच मंडळी तो उचलून आणतो. म्हणून त्याला दोन गोष्टी जवळजवळ लागतात, पाल्याने झाकलेली सावली आणि मातीची मोकळी दरड. रोहा-मुरूडच्या डोंगरांत फणसाड अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं. तिथे हे सहज जुळतं. कारखान्यांच्या गावात ते जुळवून राखावं लागतं.

राखता येतं, याचा मोठा पुरावा मुंबईत आहे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी जिथे शहराचा कचरा पडत होता, तिथे सुमारे ३७ एकरांत महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये लोकांना खुलं झालं. तिथली पाखरं, फुलपाखरं पाहिली की धाटावच्या या तुकड्याबद्दल निराश व्हायला मन धजत नाही.

सापांची भीती मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. लहान मुलं खेळतात तिथे पाला नको, हे आयांचं म्हणणं बरोबरच आहे. म्हणून आता पायवाट, बाकं आणि झोपाळ्यांभोवतीची जागा रोज झाडली जाते आणि तो पाला मागच्या झाडांच्या बुंध्यांशी टाकला जातो. आगपेटी काकांनी स्वतःहून घरी ठेवली. वठलेला एक पांगाराही त्यांनी तोडू दिला नाही. त्याच्या मऊ लाकडात तांबटाने पोखरलेलं भोक त्यांनीच मला दाखवलं.

ओढ्याचा काठ दगड-सिमेंटने बांधून घ्यायचा विचार पुढे आला आहे. वाहून जाणारी जमीन वाचवायची तर झोपाळ्यांच्या बाजूला बांध हवा, यात शंका नाही. वरच्या वळणावरची दरड मात्र कातळावर टेकलेली आहे, ती सहजी ढासळणारी नाही. तेवढा भाग मातीचाच सोडावा, असं आम्ही लेखी कळवलं आहे आणि खंड्याची बिळं असलेल्या जागेवर काकांनी चुन्याने खूण केली आहे. काम काढायचं तर ते दिवाळीनंतर काढावं, अशीही विनंती आहे, तोवर पिलं उडून गेलेली असतात.