घटस्फोटानंतर मुलाची दोन घरे : न्यायालय काय पाहते?

आई मडगावात, वडील म्हापशात आणि आठ वर्षांच्या मुलाची शाळा मडगावात. घटस्फोटानंतर मुलाने निम्मा आठवडा आपल्याकडे राहावे, अशी मागणी वडिलांनी केली तर न्यायालय ती मान्य करील काय? वरवर पाहता मागणी न्याय्य वाटते. परंतु दोन पालकांत दिवसांची समान वाटणी कशी करावी, हा न्यायालयापुढील पहिला प्रश्न नसतो. त्या वाटणीत मुलाचा दिवस कसा जाईल, हा असतो.

'ताबा' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी सामावल्या आहेत. शिक्षण, औषधोपचार आदींविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ही एक. मूल प्रत्यक्ष कोणाकडे राहणार, ही दुसरी. मूल एका पालकाकडे राहत असले तरी निर्णय दोघे मिळून घेऊ शकतात. संयुक्त प्रत्यक्ष ताब्यात मात्र दोन्ही घरे मुलाचीच ठरतात. ठरावीक दिवशी भेटण्याच्या हक्कापेक्षा ही व्यवस्था म्हणूनच वेगळी आहे.

देशातील कायद्यांत अशा संयुक्त ताब्याची स्वतंत्र तरतूद नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५७व्या अहवालात ती करण्याची शिफारस केली होती. तरीही न्यायालये आपल्या अधिकारात असे आदेश देतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका मुलाला वर्षातील पहिले सहा महिने वडिलांकडे आणि नंतरचे सहा महिने आईकडे ठेवण्याचा आदेश दिला होता.

गोव्यात १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू नाही. येथील घटस्फोटांचा आधार १९१० चा पोर्तुगीजकालीन कायदा आहे. मात्र मुलाचे हित सर्वोपरी, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेले तत्त्व येथील न्यायालयांनाही मार्गदर्शक आहे. मुले म्हणजे पालकांची मालमत्ता नव्हे, हे त्या न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले होते.

हित ठरवताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याची चर्चा २०१९ च्या एका निकालात आढळते. पालकांची परिपक्वता व मानसिक स्थैर्य, मुलाशी असलेले नाते, शिक्षणाची सोय, परिचित परिसराशी संबंध टिकवण्याची क्षमता आणि आर्थिक स्थिती यांचा त्यात समावेश आहे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट निर्णायक नाही. अधिक पगार म्हणजे अधिक ताबा, असे समीकरण न्यायालय मांडत नाही.

संयुक्त प्रत्यक्ष ताब्यासाठी आणखी दोन बाबी व्यवहारात महत्त्वाच्या ठरतात. पहिली अंतराची. मडगाव ते म्हापसा हे सुमारे ४५ किलोमीटर शाळेच्या दिवशी सकाळी मुलाला पार करावे लागणार असतील, तर निम्म्या आठवड्याची योजना कागदावरच बरी दिसते. दुसरी पालकांमधील संवादाची. वही एका घरी राहिली, रात्री ताप आला, शाळेचा निरोप आला, अशा प्रत्येक वेळी दोघांना एकमेकांशी बोलावे लागते. तेवढेही शक्य नसेल तर दोन घरांमधला निरोप्या मूलच होते.

सुनावणीत अनेकदा समुपदेशकाची मदत घेतली जाते. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश आपल्या दालनात त्याच्याशी बोलू शकतात. त्याची इच्छा विचारात घेतली जाते. पण ती शिकवलेली तर नाही ना, हेही पाहिले जाते. दुसऱ्या पालकाविषयी मुलाच्या मनात विष कालवणे म्हणूनच त्या पालकावर उलटू शकते.

सर्वांत सोयीचा मार्ग पालकांच्या सहमतीचा. शाळेचे दिवस, गणेश चतुर्थी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी, ने-आण, खर्च आणि दूरध्वनीची वेळ यांचा तपशील असलेली लेखी योजना दोघांनी मांडली, तर न्यायालय ती मुलाच्या हिताच्या कसोटीवर तपासून आदेशात समाविष्ट करू शकते.

असा आदेश कायमचा नसतो. मूल मोठे झाले, शाळा बदलली, पालकाची बदली झाली, तर तो बदलून मागता येतो. म्हणून आजच्या निकालाला पालकांनी आपली हार-जीत मानू नये. मडगावच्या त्या मुलाला कदाचित शाळेचे दिवस आईकडे आणि शनिवार-रविवार व अर्धी सुट्टी वडिलांकडे, अशी व्यवस्था अधिक मानवेल. दिवस समसमान नसतील. पण दोन्ही घरांत त्याचे अंथरूण असेल.