चष्म्यावर गॉगल

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्यातून निघालेलं कास्टिंग फेटलिंगला जातं. कडांना चिकटून राहिलेलं जास्तीचं लोखंड हँड ग्रायंडरने घासून काढायचं, हे तिथलं काम. ग्रायंडरची चार इंची डिस्क मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. हिशेब मांडला तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर निघतो, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे. लोखंडाचे कण आणि डिस्कचे टवके या कडेवरूनच उडतात.

अशा जागी चाळिशी लागलेल्या कारागिराला गॉगल घालायला सांगितलं, की उत्तर तयार असतं : ‘चष्मा हाय की!’

हा चष्मा नेमका कशाला पुरतो, ते चाचण्यांवरून कळतं. अमेरिकेत साध्या चष्म्याच्या काचेवर १२७ सेंटिमीटर उंचीवरून पोलादाची छोटी गोळी सोडतात. काचेवर आदळताना तिचा वेग सेकंदाला जेमतेम पाच मीटर असतो. याच देशाच्या ‘अ‍ॅन्सी झेड ८७.१’ या मानकात जोरदार आघात सोसणाऱ्या सुरक्षा चष्म्यावर मात्र ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरहून अधिक वेगाने मारतात. शिवाय अर्धा किलोचं टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून टाकतात. काच फुटता कामा नये आणि फ्रेममधून निसटताही कामा नये. साध्या फ्रेममध्ये धोका असतो तो नेमका निसटण्याचाच. समोरून दणका बसला की काच मागे, थेट डोळ्यावर येऊ शकते. बाजू तर उघड्याच असतात.

मग चष्म्यावरून मोठा गॉगल चढवला की झालं? इथे एक मेख आहे. अतिवेगवान कणांपासून संरक्षण देणारा गॉगल साध्या चष्म्यावर घातला, तर बसलेला धक्का आतल्या चष्म्यापर्यंत पोचून इजा होऊ शकते, अशी सूचना गॉगलच्या माहितीपत्रकात द्यायला ‘ईएन १६६’ या युरोपीय मानकाने उत्पादकांना भाग पाडलं. बाहेरची काच लवते आणि आतलीवर आपटते. म्हणून दोन काचांमध्ये मोकळी जागा हवी. रुंद फ्रेमचा चष्मा आणि अंगासरशी बसणारा गॉगल ही जोडी इथेच फसते.

रोजची तक्रार मात्र वेगळीच असते, धुक्याची. घाम आणि श्वासाची वाफ दोन काचांमधल्या कोंडलेल्या हवेत अडकते आणि गार काचेवर दवासारखी जमते. दिसेनासं झालं की गॉगल कपाळावर जातो. दुसरी तक्रार कानामागची. काड्यांवर काड्या बसल्या, की दोन तासांत कानशिलं ठणकायला लागतात. अशा वेळी पट्ट्याचा, धुकं न धरणाऱ्या लेपाचा गॉगल बरा पडतो. ग्रायंडिंगला हवेची भोकं असलेला चालतो. अ‍ॅसिड उडण्याची शक्यता असेल तिथे मात्र आडवळणाने हवा खेळवणाराच हवा, नाहीतर थेंब भोकांतून आत येतो.

रोज ग्रायंडरवर उभं राहणाऱ्यासाठी नंबर घालूनच बनवलेला, बाजूला आडोसे असलेला सुरक्षा चष्मा अधिक सोयीचा. त्याची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. ती आघात छान सोसते, पण तिच्यावर चरे पटकन पडतात. शर्टाच्या टोकाने कोरडीच पुसली, तर लोखंडाची बारीक पूड तिच्यावर घासली जाते. आधी पाण्याने धुवावी. थिनर किंवा अ‍ॅसिटोन तर लावूच नये, त्याने काचेला तडे जातात. चष्मा करायला टाकताना डॉक्टरांना कामाचं अंतर आणि नजरेची दिशाही सांगावी लागते. नेहमीच्या बायफोकलमध्ये जवळचा नंबर खाली असतो. डोक्यावरचा सांधा वेल्ड करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी जवळचा नंबर वरच्या बाजूलाही घालून मिळतो.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३५ मध्ये उडणारे कण आणि प्रखर प्रकाश या दोन्ही धोक्यांसाठी आडोसा किंवा योग्य गॉगल देण्याची तरतूद केली गेली. त्या कलमात चष्मेवाल्यांचा वेगळा उल्लेख नव्हता. अमेरिकेच्या नियमांत तो आहे : संरक्षक चष्म्यातच नंबर असावा, नाहीतर तो नंबरच्या चष्म्यावरून घालता यावा आणि आतल्या चष्म्याची बैठक ढळू नये.

बैठक ढळते का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. आपला चष्मा घालून त्यावर गॉगल चढवायचा, खाली वाकायचं, मान दोन्हीकडे झटकायची. आतला चष्मा नाकावरून सरकला, किंवा गॉगलची कड आणि गाल यांत बोट गेलं, तर दुसरं माप मागायचं. स्टोअरमध्ये एकाच मापाचे शंभर गॉगल असतील, तर हे मागणं खरेदी विभागापर्यंत जायला हवं. आणि चाळिशीनंतर जवळचा नंबर साठीपर्यंत बदलत राहतो, त्यामुळे नंबर घातलेला सुरक्षा चष्मा एकदा देऊन भागत नाही; चष्मा दिल्याची नोंद ज्या रजिस्टरात होते, डोळे तपासण्याची तारीखही त्यातच लिहावी लागते.