काच फुंकणाऱ्यांविषयी

कामथडीला महामार्गाकडेच्या टपरीवर चहा झाला की ग्लास उन्हाकडे धरून बघा. त्याच्या अंगावर उभी, बारीक रेघ दिसते, नखालाही लागते. साच्याचे भाग जिथे जुळले, तिथली ही खूण. साच्याशिवाय, हाताने फुंकलेल्या भांड्याला अशी रेघ नसते. त्याच्या बुडाला मात्र वण असतो: तोंड घडवायचं म्हणून भांडं बुडाकडून दुसऱ्या सळईला चिकटवतात आणि शेवटी तिच्यापासून तोडतात, त्याचा. पुष्कळदा तो घासून काढतात, पण वण दिसला म्हणून कोणी मालाला खोट काढू नये. ती हाताची सही आहे.

‘काचकला हा परदेशी शौक, आपल्याकडे कुठे?’ असं सर्रास ऐकू येतं. मला हे फार लागतं, कारण कामथडीवरून जाणाऱ्या याच जुन्या मुंबई–बंगळूर रस्त्याने तळेगाव आणि कराड जोडलेले आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला त्यातून काच कारखाना निघाला. तिथे माल निघत होताच, शिवाय काचकामगारही शिकून तयार होत होते. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता, आणि गावाचं नावच ओगलेवाडी पडलं.

हे कारखाने होते, कलादालनं नव्हेत, हे खरंच. पण जगभर काच कारखान्यातच वितळत होती. एकट्या कलावंताला स्वतःच्या जागेत पेलेल अशी छोटी भट्टी १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात हार्वे लिटलटन यांनी चालवून दाखवली, आणि आजची काचकला तिथून पसरली. म्हणजे पाश्चात्त्यांचीही ही कला कारखान्याच्या अंगणातूनच बाहेर पडली.

‘फुंकायला छाती दणकट लागते’ हाही असाच समज. फुंकर अगदी हलकी पुरते. खरं काम मनगटाचं. भट्टीतून सळईवर घेतलेली काच गुऱ्हाळातल्या काकवीसारखी ओघळते. क्षणभर फिरवणं थांबलं की गोळा एका बाजूला लोंबलाच. म्हणून एक जण सळई फिरवतो, दुसरा फुंकतो, तिसरा ताजी काच घेऊन येतो. अमेरिकी काचकलावंत डेल चिहुली यांचा डावा डोळा १९७६च्या मोटार अपघातात गेला; पुढे खांदाही दुखावला, तेव्हा त्यांनी स्वतः फुंकणं सोडलं आणि इतरांच्या हातून काम करून घेऊ लागले. ‘मग कलाकृती त्यांची कशी?’ असं विचारणाऱ्यांनी मोठी भट्टी चालताना एकदा पाहावी.

चर्चमधल्या रंगीत खिडक्या म्हणजे साध्या काचेवर दिलेला रंग, हेही चूक. तिथे रंग बहुतांशी काचेच्या अंगातच असतो. कोबाल्टने निळा, उदाहरणार्थ. चेहऱ्याच्या रेघा तेवढ्या वरून काढून भट्टीत भाजतात आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी सांधतात. असं जुनं काम जपणं हीच एक स्वतंत्र विद्या आहे; मुंबईत स्वाती चांदगडकर यांनी त्यात आयुष्य घातलं आहे.

जुन्या खिडक्यांची काच कधीकधी खाली जाड असते, ती ओघळली म्हणून नव्हे. पूर्वी तावदानंच एकसारख्या जाडीची बनत नसत.

आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: ‘फुटक्या बाटल्या, खिडकीचे तुकडे, सगळं एकत्र वितळवलं की झालं.’ वेगवेगळ्या काचा तापल्यावर कमीजास्त फुगतात आणि निवताना कमीजास्त आकसतात. जोड वरून पक्का वाटतो, पण आत ताण राहतो आणि तडा जातो. एकाच जातीच्या काचेलाही घाईने निववून चालत नाही. घडवलेलं भांडं सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या दुसऱ्या भट्टीत ठेवतात आणि उष्णता हळूहळू उतरवतात. पेल्याला एक रात्र पुरते, जाड शिल्पाला कित्येक दिवस लागतात. तोवर दार उघडून बघायचीही सोय नसते. प्रदर्शनात आपण ज्या किमतीला ‘काचेला एवढे?’ म्हणतो, तीत हे बंद दाराआडचे दिवसही असतात, आणि दार उघडल्यावर तडकलेले निघालेले नगही.