दुकानदाराने हत्यार घ्यावे का? आणि घ्यायचे तर कोणते?

कामोठे ही सिडकोने वसवलेली वसाहत. मानसरोवर स्थानकापासून सायन-पनवेल महामार्गापर्यंतच्या सेक्टरांत तळमजल्यावर दुकाने आणि वर कुटुंबे, अशीच बहुतेक मांडणी आहे. सोन्याचांदीची दुकाने आहेत, जागा-सदनिकांचे व्यवहार करणारी कार्यालये आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून या पट्ट्याकडे सगळ्यांचेच लक्ष आहे. दागिने आणि रोकड सांभाळणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात मग कधी ना कधी येतेच, की एखादे रिव्हॉल्व्हर जवळ ठेवावे का? गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात या हत्यारांचे नवे नमुनेही निघाले आहेत. ते काय आहेत आणि घेण्यापूर्वी काय पाहावे, याची माहिती व्यापारी बंधूंसाठी येथे देत आहोत.

पोलिसांचे वेगळे, आपले वेगळे

कायदा दोघांना एकच हत्यार देत नाही, हे आधी समजून घ्यावे. पोलीस आणि लष्कर ९ मि.मी.चे पिस्तूल वापरतात. इशापूरच्या कारखान्यात बनणारे ९ मि.मी. पिस्तूल जुन्या ब्राउनिंगच्या नमुन्यावर आधारलेले असून त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे बसतात. एनएसजीच्या जवानांकडे असणारे ऑस्ट्रियाचे ग्लॉक-१७ वजनाने हलके आहे आणि त्यात १७ काडतुसे बसतात. त्याला हाताने लावण्याची बाहेरची कळ नाही. घोड्यावर नीट बोट पडले तरच ते सुटते. रोज सराव करणाऱ्या माणसाला हे सोयीचे, पण सराव नसलेल्याला तेवढेच धोक्याचे.

९ मि.मी. हा बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परदेशी हत्यारांची आयातही नागरिकांसाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे. नेमबाजीच्या खेळाडूंपुरती सवलत आहे. त्यामुळे चित्रपटात किंवा जाहिरातीत पाहिलेल्या पिस्तुलाचा विचार सोडून द्यावा. व्यापाऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ आणि .२२ बोअरची हत्यारे येतात.

बाजारातील नमुने

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१४ मध्ये त्याच कारखान्याने ‘निर्भीक’ आणले. टायटॅनियम मिश्रधातूचे, सहा गोळ्यांचे, वजन सुमारे ५०० ग्रॅम. किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या घरात होती. इशापूरचे ‘निडर’ .२२ बोअरचे आणि अवघे पाव किलोचे. ते स्वस्त आणि खिशात मावणारे आहे, पण गोळी लहान असल्याने तिचा जोरही कमीच.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम. जुन्या नमुन्यात काडतुसे भरण्यासाठी नळी पुढे झुकवावी लागते. ‘प्रबल’मध्ये काडतुसांचे चक्रच बाजूला बाहेर येते. खासगी क्षेत्रात वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर २०२० पासून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे बनू लागले. पिस्तूलच हवे असेल तर इशापूरचे .३२ ‘अशनी’ आहे.

एक सूचना महत्त्वाची. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस एक नव्हे. आकडा सारखा दिसला तरी एकाचे दुसऱ्यात घालू नये.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

‘प्रबल’चा पल्ला ५० मीटरचा असल्याचे सांगितले जाते. पण आपल्या गाळ्याची लांबी किती? समोरचा माणूस आठ-दहा पावलांवर असणार. तेव्हा पल्ल्याचा आकडा पाहून हत्यार निवडण्यात अर्थ नाही.

रिव्हॉल्व्हर साधे असते. एखादे काडतूस फुसके निघाले तर घोडा पुन्हा ओढावा, पुढचे काडतूस समोर येते. काडतुसे आहेत की नाहीत, हे चक्र उघडताच डोळ्यांना दिसते. पिस्तूल चपटे असते, लवकर भरता येते. पण अडकले तर ते सोडवण्याचा हात बसलेला असावा लागतो. शिवाय मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज चुकीचा आहे. एक काडतूस नळीच्या तोंडाशी राहिलेले असू शकते. वर्षातून एखाद्या वेळीच हत्यार हातात घेणाऱ्यासाठी म्हणूनच रिव्हॉल्व्हर बरे.

हातातून पडले तर?

नव्या-जुन्याचा खरा फरक येथे पाहावा. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते व माजी खासदार गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितले. जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये हातोडीचे टोक भरलेल्या काडतुसाच्या अगदी जवळ असते. हत्यार हातोडीवर आपटले की गोळी सुटू शकते. यासाठीच जुने जाणकार हातोडीखालचे घर रिकामे ठेवत. आधुनिक घडणीत मध्ये एक अडसर असतो. घोडा पूर्ण ओढल्याशिवाय तो हटत नाही. म्हणून परवानाधारक विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी हे विचारावे: यात असा अडसर आहे का? पडल्यावर न सुटण्याची चाचणी झाली आहे का? वडिलांच्या काळातले हत्यार घरात असेल तर ते जाणकार परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे.

परवाना आणि जबाबदारी

कामोठे रायगड जिल्ह्यात असले तरी ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. म्हणून अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि ते ठेवण्याची पक्की, कुलूपबंद सोय असावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा झाला आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. लग्नाच्या वरातीत हौसेने बार उडवला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विनापरवाना कट्टा जवळ बाळगणे तर थेट तुरुंगाची वाट होय.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. माल टाकून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्या दुकानदाराला कोर्टात उत्तर देणे कठीण जाईल. आणि काचेच्या दारातून बाहेर गेलेली गोळी रिक्षासाठी उभ्या असलेल्या माणसाला लागली, तर उत्तरच उरणार नाही.

पहारेकऱ्याचे हत्यार

काहीजण स्वतः परवाना न घेता सशस्त्र पहारेकरी ठेवतात. येथेही डोळे उघडे ठेवावेत. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. ते पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर असलेले, परवान्याचे होते, असे पोलीस तपासात पुढे आले. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, यातून काय घडते ते त्या दिवशी दिसले. म्हणून एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का, पहारेकऱ्याच्या हत्याराचा परवाना कोणाच्या नावे, कोणत्या हद्दीपुरता आणि कधीपर्यंतचा, हे मूळ कागद पाहूनच ठरवावे. रात्री ते हत्यार दुकानाच्या तिजोरीत ठेवून घेऊ नये.

सशस्त्र पहारा म्हणजे अभेद्य कवच, असेही नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्रे पूर्व येथे माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक होता. अचानक येणाऱ्या हल्लेखोराकडे पहिला क्षण असतो आणि तो क्षण कोणतेही पिस्तूल परत मिळवून देत नाही.

हिशेब करून ठरवा

खर्च हत्याराच्या किमतीवर संपत नाही. भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी, प्रशिक्षण, सरावाची काडतुसे, नूतनीकरणाच्या फेऱ्या आणि निवडणूक आली की पोलीस आदेशानुसार हत्यार जमा करणे, हे सारे त्यात धरावे. तेवढ्याच पैशांत चांगले कॅमेरे, धोक्याची घंटा, मजबूत शटर आणि जवाहिऱ्यांसाठी असलेला ‘ज्वेलर्स ब्लॉक’ विमा यांपैकी काय काय होईल, तेही कागदावर मांडावे. रोकड दुकानात साठू न देणे, दुकान बंद करताना एकट्याने न निघणे, यांना तर खर्चच नाही.

ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने रीतसर अर्ज करावा, साधे आणि पडल्यावर न सुटणारे रिव्हॉल्व्हर घ्यावे आणि नियमित सराव करावा. ज्याला सरावाला वेळ नाही आणि ज्याच्या घरात कुलूपबंद पेटीला जागा नाही, त्याने हत्यार न घेणेच शहाणपणाचे. कारण कपाटातल्या भरल्या रिव्हॉल्व्हरपर्यंत चोराच्या आधी घरातल्या लेकराचा हात पोहोचतो.