परदेशी विद्याप्रवास आणि परतीचा निर्णय

विद्याभ्यासासाठी अथवा संशोधनासाठी परदेशी जाणाऱ्या व्यक्तीच्या सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे सामान्यतः प्रवासापुरताच केला जातो. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकीट आणि थोडेसे परकीय चलन यांची जुळवाजुळव झाली, विमान सुखरूप उतरल्याचा निरोप आला, म्हणजे घरची मंडळी व महाविद्यालय दोघेही निश्चिंत होतात. वस्तुतः प्रवास हा या उद्योगाचा अल्पसा भाग होय. धोक्याचा खरा आरंभ मुक्कामात होतो. आणि मुक्कामातील धोक्यांपैकी पुष्कळसे असे असतात की ते वेळीच दिसू लागतात, परंतु ‘आता परत यावे’ असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नसल्यामुळे ते वाढत जातात. ही गोष्ट स्पष्ट होण्यासाठी दोन उदाहरणे काहीशा विस्ताराने पाहणे इष्ट आहे. त्यांतील पहिले भिवंडीच्या अगदी शेजारचे आहे.

दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण लागते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर या कल्याणचे. १८८३ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्या वैद्यकाच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. त्यांच्या धैर्याचे वर्णन मराठीत विपुल झाले आहे. त्यांच्या प्रवासाच्या व्यवस्थेचा विचार मात्र क्वचितच केला जातो. ही व्यवस्था आजच्या दृष्टीनेही थक्क करणारी आहे. गोपाळराव जोशी यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडील नियतकालिकात छापून आले, ते १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि तेथून या अपरिचित बाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. म्हणजे प्रयाणापूर्वी सुमारे तीन वर्षे त्या देशात एक विश्वासू माणूस जोडलेले होते. बोटीवर सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. उतरल्यानंतर आनंदीबाई थेट महाविद्यालयात गेल्या नाहीत; आधी काही महिने कार्पेंटर यांच्या घरी राहून त्यांनी त्या देशाची रीतभात जाणून घेतली व मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. आज एखाद्या मोठ्या विद्यापीठाचा परदेश-विभागही आपल्या विद्यार्थ्यासाठी याहून अधिक काही करीत असेल असे म्हणता येत नाही.

प्रयाणापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात एक जाहीर व्याख्यान दिले. (हे श्रीरामपूर बंगालमधील, नगर जिल्ह्यातील नव्हे.) लोक आपणांस कोणकोणते प्रश्न विचारतात ते त्यांनी त्यात एकामागून एक मांडले होते. अमेरिकेसच का जाता, एकट्याच का जाता, परत आल्यावर वाळीत पडणार नाही काय, असे ते प्रश्न. आणि त्यांतच एक असा, की तुमच्यावर काही संकट ओढवले तर काय कराल? सुरक्षिततेच्या शास्त्राचा सारा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे. अठरा वर्षांच्या मुलीने तो जाहीर सभेत स्वतःहून मांडावा, हे तिच्या बुद्धीस भूषणावह खरेच. परंतु त्याचे उत्तर देण्याचे ओझे तिच्या एकटीच्या शिरावर होते.

त्यांची प्रकृती निघण्यापूर्वीच नाजूक होती. अशक्तपणा, डोकेदुखी व ताप यांच्या तक्रारी बंगालमध्येच सुरू झाल्या होत्या. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, त्यांचाही गुण आला नव्हता. अशा देहाने फिलाडेल्फियाचा हिवाळा काढावयाचा, तोही शाकाहार व साडी न सोडता, आणि त्यावर वैद्यकाच्या अभ्यासाचा ताण. क्षयाने त्यांना तेथेच ग्रासले. १८८५ मध्ये गोपाळराव तेथे पोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्याच वर्षाअखेर उभयता मायदेशी परतले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली. तात्पर्य, पोचण्याची व्यवस्था उत्कृष्ट होती, आजारी पडल्यास काय करावे याची व्यवस्था मात्र माणसांच्या मायेवर सोडलेली होती. अभ्यास काही काळ थांबवून सौम्य हवेच्या ठिकाणी जावे, पदवी वर्षभर लांबली तरी चालेल, असे अधिकाराने सांगणारे कोणी नव्हते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण त्यावर गुणकारी औषध निघण्यास आणखी साठ वर्षे लागली. तेव्हा परतल्याने त्यांचा जीव वाचलाच असता असे नाही. प्रश्न निर्णयाचा आहे, दोषाचा नव्हे.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्यांच्यासमवेत गेलेल्या आनंदीबाई भगत या सहचारिणीने काही महिन्यांतच वाँटेज येथे आत्मघात केला. परक्या देशातील एकाकीपणा व धर्मांतराच्या प्रश्नाने निर्माण झालेला मानसिक क्षोभ यांचा तो परिणाम मानला जातो. विद्याप्रवासाच्या धोक्यांत मनःस्वास्थ्याची गणना करावयाची हे अलीकडचे फॅड नव्हे, हे लक्षात यावे म्हणूनच या घटनेचा उल्लेख.

दुसरे उदाहरण १३९ वर्षांनंतरचे आहे, आणि त्यात आजार नसून युद्ध आहे. युक्रेनमध्ये २०२२ च्या आरंभी वीस हजारांहून अधिक भारतीय होते, त्यांतील बहुसंख्य वैद्यकाचे विद्यार्थी. महाराष्ट्रातूनही अनेक मुलेमुली तेथे गेलेली होती. युद्धाचे ढग महिनोन्‌महिने जमत होते. कीव्हमधील भारतीय वकिलातीने १५ फेब्रुवारी रोजी प्रथम सूचना दिली, की ज्यांचा मुक्काम अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देशाबाहेर जाण्याचा विचार करावा. २० फेब्रुवारीस दुसरी सूचना निघाली. तिच्यात विद्यार्थ्यांनी विशेष विमानांच्या माहितीसाठी आपापल्या कंत्राटदारांशी, म्हणजे त्यांना तेथे नेऊन प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थांशी, संपर्क साधावा असे म्हटले होते. २२ फेब्रुवारीची सूचना तर फारच बोलकी आहे: वर्ग घरबसल्या भरविण्याविषयी विद्यापीठांच्या अधिकृत निर्णयाची वाट न पाहता विद्यार्थ्यांनी निघावे, असे तिच्यात स्पष्ट सांगितले आहे. २४ तारखेस रशियाने आक्रमण केले, नागरी विमानवाहतूक बंद झाली, आणि भारतीय विद्यार्थ्यांना आणण्यास निघालेले विमान वाटेतूनच माघारी वळले.

नऊ दिवसांचा अवधी होता, तरी हजारो विद्यार्थी तेथेच राहिले. त्यांना धोका दिसत नव्हता असे नाही. परंतु तिकडील विद्यापीठे वर्ग चालूच ठेवीत होती. गैरहजेरी भरली तर वर्ष बुडण्याची भीती होती. तिकिटांचे दर चढलेले होते. आणि घरी कर्ज काढून भरलेल्या शुल्काची आठवण होतीच. वकिलात सल्ला देऊ शकत होती, आज्ञा नव्हे. विद्यापीठास आज्ञा देता येत होती, पण ते विद्यापीठ परदेशी होते व त्याचे हित वर्ग चालू राहण्यात होते. मध्यस्थाचे काम प्रवेशापुरते. आईबापांना परिस्थिती दुरून दिसत होती. चार ठिकाणी वाटला गेलेला अधिकार व्यवहारात कोणाचाच राहत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. पुढे ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेखाली पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया या शेजारी देशांतून विमाने सुटली. त्यांतील पहिले २६ फेब्रुवारीस बुखारेस्टहून २१९ प्रवासी घेऊन मुंबईस उतरले. एकूण २२,५०० हून अधिक भारतीय परतले. तथापि १ मार्च रोजी खार्कीव्ह येथे अन्नधान्याच्या रांगेत उभा असलेला कर्नाटकातील एक विद्यार्थी तोफगोळ्यांच्या माऱ्यात मरण पावला, आणि सुमी येथील सुमारे सातशे विद्यार्थ्यांची सुटका ८ मार्चपर्यंत होऊ शकली नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. विद्यानिमित्त परदेशी जाणारे तीन प्रकारचे असतात. पहिले, परिषदेसाठी वा अध्यापनासाठी कर्तव्यरजेवर जाणारे प्राध्यापक. दुसरे, येथील विद्यापीठात नाव असून काही काळ तिकडे जाणारे संशोधक विद्यार्थी. तिसरे, संपूर्ण पदवीसाठी तिकडच्याच संस्थेत नाव घातलेले. पहिल्या दोहोंना मायदेशी एक संस्था असते, निदान असावी. तिसरे संख्येने सर्वांत मोठे, आणि येथे त्यांचे पालकत्व घेणारी कोणतीही संस्था नाही. भिवंडीसारख्या गावी हा विरोध विशेष जाणवतो. येथून आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्या माणसासाठी १९८३ चा उत्प्रवासन अधिनियम झाला. त्याला पाठविणाऱ्या दलालाने नोंदणी केलेली असावी लागते व उत्प्रवासी संरक्षक नावाचा अधिकारी नेमलेला असतो. त्याच गल्लीतून वैद्यक शिकावयास जाणाऱ्या मुलाचा विचार त्या अधिनियमात नाही. मजुरास संरक्षक आणि विद्यार्थ्यास केवळ कंत्राटदार, अशी ही विचित्र विभागणी आहे.

धोक्याचे मोजमाप करतानाही मन फसते. डॉ. होमी भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस जात असता माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून मृत्युमुखी पडले. सोबतचे सारे प्रवासी व कर्मचारी धरून ११७ जण दगावले. अशी घटना पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहते, आणि विमानाचा धोका आहे त्याहून मोठा वाटू लागतो. वस्तुतः जगभर ५ ते २९ वर्षे या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भिवंडीचा विद्यार्थी रस्ता ओलांडताना सवयीने आधी उजवीकडे पाहतो. अमेरिकेत वा जर्मनीत त्याच्या नजीकच्या बाजूची मोटार डावीकडून येत असते. ही एवढी साधी गोष्ट प्रयाणापूर्वीच्या मार्गदर्शनात कोणी सांगत नाही, बर्फात चालण्याचे जोडे कसे निवडावे हे मात्र सांगतात.

विमा, लस व नोंदणी ही साधने आवश्यक खरीच, पण प्रत्येकाची मर्यादा ओळखून वापरावयाची. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पुष्कळ जण तो व्हिसापुरता सर्वांत स्वस्त असा घेतात आणि पूर्वीपासून असलेला आजार त्यातून वगळला आहे की काय, हे वाचीतही नाहीत. आनंदीबाईंचा आजार अशाच वगळलेल्या आजारांत मोडला असता. आफ्रिकेतील वा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांत परिषदेस जाणाऱ्याने लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य धरले जाते. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाण्याचा प्रसंग येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या व्यवस्थेत विद्यार्थ्यास आपले नाव व पत्ता नोंदविता येतो. संकटकाळी वकिलातीस कोण कोठे आहे हे कळण्याचा तोच सोपा मार्ग. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने प्रवासातील धोक्यांच्या व्यवस्थापनासंबंधी ‘आयएसओ ३१०३०’ हे मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. शैक्षणिक संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. विमा काढल्याने पाठविणाऱ्या संस्थेची जबाबदारी संपत नाही, हे त्यामागील मुख्य सूत्र होय.

मग एखाद्या विभागाने प्रत्यक्षात काय करावे? मोठी यंत्रणा लागत नाही. प्राध्यापक किंवा विद्यार्थी निघण्यापूर्वी विभागप्रमुखाने त्याच्याशी तासभर बसून एक कागद लिहावा. मुक्कामाचा पत्ता आणि संपर्काची वेळ त्यात असतीलच. परंतु मुख्य मजकूर तीन बाबींचा. एक, कोणत्या खुणा दिसल्या असता मुक्काम आवरता घ्यावयाचा: वकिलातीची पहिली सूचना, अमुक दिवसांहून अधिक टिकणारा ताप, सलग तीन ठरलेल्या वेळी संपर्क न होणे, असे जे काही त्या देशास व त्या व्यक्तीस लागू पडेल ते. दुसरी, तो निर्णय कोण सांगणार. येथे एकाच व्यक्तीचे नाव हवे, समितीचे नव्हे. तिसरी बाब सर्वांत दुर्लक्षित: परत आल्यास शिष्यवृत्तीचे, रजेचे व बुडालेल्या सत्राचे काय होईल, हे आधीच लेखी देणे. युक्रेनमध्ये विद्यार्थ्यांचे पाय अडले ते याच ठिकाणी. परतल्याने नुकसान होणार नाही अशी खात्री ज्याला आहे तोच वेळेवर परततो.

निर्णय नेहमी परतण्याचाच असेल असे नाही. मे २०२४ मध्ये बिश्केक येथे परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाचे हल्ले झाले, तेव्हा भारतीय वकिलातीचा सल्ला घरातच थांबण्याचा होता, आणि रस्त्यावर जमाव असता तोच योग्य होता. तेव्हा थांबणे, शहर बदलणे व परतणे या तिन्ही शक्यता कागदावर असाव्यात, आणि प्रत्येकीसाठी लागणारे पैसे आधीच वेगळे काढलेले असावेत. ज्याला स्वतःची संस्था नाही अशा विद्यार्थ्यासाठी हा कागद त्याच्या जुन्या महाविद्यालयानेही करून द्यावयास हरकत नाही. त्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही, केवळ एका अध्यापकाचा एक तास लागतो. कागदाच्या तीन प्रती कराव्यात: एक विद्यार्थ्याजवळ, एक विभागात, आणि एक घरी, वडीलधाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत.