पक्ष्यांची सामुदायिक नोंदवही

नेहमी दिसणारा पक्षी हळूहळू विरळ होऊ लागला, तर ते एकट्या मनुष्याच्या ध्यानात येत नाही. अनेकांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजेच ते उघड होते. या हेतूने अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ साली ‘ई-बर्ड’ ही इंटरनेटवरील नोंदवही सुरू केली. तीत निरीक्षकाने स्थळ, वेळ व ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची संख्या भरावयाची असते. कावळा, साळुंकी यांनाही वगळावयाचे नसते. कारण यादी पूर्ण असेल तरच तीत नसलेला पक्षी त्या वेळी दिसला नाही, असे समजता येते. असंभवनीय वाटणारी नोंद जाणकार तपासून पाहतात.

भारतातील ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून २०२३ साली ९४२ जातींचा अहवाल तयार झाला. दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानितात, तो चास पक्षी सुमारे १२ वर्षांत ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यावरून कळले.

शाळेच्या आवारात पंधरा मिनिटे केलेले निरीक्षणही या कामी उपयोगी पडते. न पाहिलेले लिहू नये व पाहिलेले गाळू नये, एवढी सवय मात्र मुलांस प्रथम लावावी.