दोष बिर्याणीचाच असतो असे नाही

थोरल्या आपांच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून बिर्याणीला आरोपी ठरवले. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६८. बिचाऱ्या आपांनी बकरी ईदलाही मटणाला हात लावला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर आकडा जवळपास तिथेच! "चोरून खाताय की काय?" असे आम्ही त्यांना विचारले. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्या डॉक्टरांनी जेवणाबद्दल नंतर विचारले. आधी विचारले, थकवा येतो का? थंडी जास्त वाजते का? केस गळतात का? आपा हे सारे वयावर ढकलत होत्या. टीएसएच निघाला ११.६, टी-४ मात्र नॉर्मल.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावू लागली, की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून तिला कामाला लावते. शिक्षकी भाषेत सांगायचे तर, वर्ग अजून नीट चालू असतो, पण मास्तरांना आवाज चढवावा लागतो. टी-४ नॉर्मल आणि टीएसएच वाढलेला, या अवस्थेला सौम्य थायरॉईड कमतरता म्हणतात.

कोलेस्टेरॉलशी तिचा संबंध यकृतात आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून रक्तातून काढून घेणारे रिसेप्टर असतात. थायरॉईडचे हार्मोन कमी पडले, की हे रिसेप्टरही कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. ट्रायग्लिसराइड नावाची चरबीही काहींमध्ये वाढते.

म्हणून प्रत्येक वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे खापर थायरॉईडवर फोडू नये. टीएसएच ५-६ असेल तर परिणाम बहुधा थोडाच असतो, आणि पुष्कळदा तो आपोआप उतरतोही. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. १० च्या वर गेला तर डॉक्टर सहसा गोळीचा विचार करतात. गरोदरपणात मात्र थांबू नये, लगेच दाखवावे. शेजारणीची गोळी घेणे तर नकोच. डोस जास्त झाला तर छातीत धडधडते, हाडे झिजतात.

आणखी एक. थायरॉईडवर उपचार न करता कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेतली, तर स्नायू दुखण्याचा धोका वाढतो. म्हणून ती सुरू होण्याआधी टीएसएच तपासून घ्यावा. ज्यांची ती आधीच चालू आहे, त्यांनी हे वाचून स्वतःहून बंद करू नये.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. रमजानमध्ये आपा डॉक्टरांना विचारून ती झोपताना घेतात, जेवणानंतर तीन तास सोडून.

तीन महिन्यांनी टीएसएच ३.४ झाला, एलडीएल १३९. उरलेल्यासाठी फजरनंतरचे चालणे सुरू आहे. मागच्या जुम्याला आपांच्या ताटात बिर्याणी वाढली. थोडीच, पण आम्ही स्वतःच्या हाताने.